एका ओळीची दुरुस्ती

‘यंत्राला कविता कळत नाही’ हे वाक्य मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत किती ठिकाणी फेकलं असेल, त्याला गणती नाही. वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, प्रशिक्षणाच्या शिबिरात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. प्रत्येक वेळी टाळ्या मिळाल्या. टाळ्या मिळाल्या की माणूस तेच वाक्य पुन्हा म्हणतो. मीही म्हणत राहिलो.

मी मराठीचा मास्तर. डोंगराकडेचा तालुका, काजूचे कारखाने, एक कनिष्ठ महाविद्यालय आणि तिथे अकरावी-बारावीला कविता शिकवणारा मी, आजरेकर सर. पोरं माझ्यामागे मला ‘उपमा’ म्हणायची. नाश्त्यातला नव्हे, अलंकारातला. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आमच्याकडे रसग्रहण कसं शिकवलं जायचं, ते आधी सांगायला हवं. कविता कुठलीही असो, उत्तराची सुरुवात ठरलेली: ‘प्रस्तुत कवितेत कवीने...’ मग आशयसौंदर्य, मग काव्यसौंदर्य, मग भाषिक वैशिष्ट्ये. तीन परिच्छेद, तीन उपशीर्षकं. पोरं गाइडमधून पाठ करायची आणि पावसाच्या कवितेचं उत्तर आईच्या कवितेखाली ठोकून द्यायची. तपासणारेही गुण देऊन मोकळे व्हायचे, कारण तेही दमलेले असायचे. ‘अरे, कविता वाचलीस का?’ असं विचारलं तर पोरगं म्हणायचं, ‘सर, प्रश्नात वाचा असं कुठे म्हटलंय?’ काय बोलणार, कपाळ?

मग दोन हजार चौतीस साली ‘रसवेध’ आला.

शब्दाच्या तीन शक्ती आपण शाळेत शिकतो. ‘घर नदीकाठी आहे’, सरळ अर्थ, ही अभिधा. ‘सगळं गाव जत्रेला गेलं’, गाव जात नाही, माणसं जातात, ही लक्षणा. आणि खेळणाऱ्या पोरांना आई अंगणातून म्हणते, ‘दिवे लागले रे’, तेव्हा तिला दिव्यांची बातमी द्यायची नसते, घरी बोलवायचं असतं. ही व्यंजना. रसवेधचं काम एवढंच. कवितेची ओळ दिली की ती या तिन्हींपैकी कुठली असण्याची शक्यता किती, ते आकड्यांत सांगायचं आणि त्यावरून पुढे रूपक, प्रतिमा, चेतनागुणोक्ती वगैरे उलगडून दाखवायचं.

हे त्याला जमावं म्हणून त्याला लाखो कविता वाचायला दिल्या होत्या. पण नुसत्या कवितांवर भागत नाही. ओळ वाकवलेली आहे हे कळायला सरळ बोलणं कसं असतं ते ठाऊक हवं. म्हणून त्याला साधं बोलणंही ढिगाने दिलं होतं: पत्रं, तक्रारी, शेतीचे सल्ले, कोर्टातल्या जबान्या, दवाखान्यात पेशंट डॉक्टरांना काय सांगतात त्याच्या नावं काढून टाकलेल्या नोंदी. ‘पोटात आग पडलीय’ हे कवी म्हणतो आणि पेशंटही म्हणतो. कोण कधी म्हणतो, त्यातला फरक तो शिकला होता.

आणखी दोन गोष्टी होत्या. मुलांनी स्वतः लिहिलेली कविता त्यात घातली आणि एखादी काळजीची ओळ त्याला सरळ अर्थाची वाटली, तर दुसऱ्या दिवशी पालकांच्या फोनवर आणि प्राचार्यांकडे ‘विचारपूस’ नावाची सूचना जायची. मार खाणारी, उपाशी राहणारी चार-पाच मुलं त्यामुळे वेळेत सापडल्याचं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. आणि दुसरी गोष्ट, शिक्षकाला ‘दुरुस्ती’चा अधिकार होता. यंत्र चुकलं असं वाटलं तर शिक्षकाने बटण दाबून अर्थ बदलायचा. सूचना रद्द व्हायची आणि यंत्र त्यातून शिकायचं. ज्याच्या दुरुस्त्या बरोबर निघत, त्याचं वजन वाढे. मी जिल्ह्यात पहिला ‘अधिकारी वाचक’ झालो. माझी एक दुरुस्ती म्हणजे साध्या शिक्षकाच्या दोनशे. प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत लावलं होतं. बायको म्हणाली, ‘घड्याळ काढून हे कशाला लावलंत? आता वेळ कशात बघू?’

तर सानिका.

सानिका घुगरे अकरावीत आली तेव्हा पहिल्या बाकावर बसायची. हुशार पोरं पहिल्या बाकावर बसतात असा माझा समज, म्हणून मी खूश. वडील लहानपणीच गेलेले. आई, शैलाताई, काजूच्या कारखान्यात बिया फोडायच्या, दोन-दोन पाळ्या करायच्या. मुलगी कमी बोलणारी. वहीत मात्र भरभरून लिहायची.

श्रावणात भित्तिपत्रकासाठी कविता मागवल्या. सानिकाने दिली ती ही:

फळ्याच्या कडा कुणीतरी खातंय
रोज थोड्या थोड्या.
मधलं तेवढं उरलंय माझ्यासाठी.
दिव्याला रंगीत कडं असतं,
ते सगळ्यांना दिसतं का?
आई शेजारी येऊन बसते
आणि बोलली की मगच येते.

मी वाचली आणि अंगावर काटा आला. तोवरच्या तीस वर्षांत शंभरेक पोरांनी कविता दिल्या असतील, सगळ्यांत चंद्र आणि अश्रू. आणि ही सोळा वर्षांची पोर फळ्याच्या कडा खाल्ल्या जाताना बघते! मी कविता वर्गात घेतली. मोठ्या पडद्यावर रसवेध लावला आणि पोरांना म्हटलं, ‘आता बघा, आपल्यातल्या एकीच्या कवितेचं रसग्रहण कसं होतं ते.’

पडद्यावर आकडे आले. पहिल्या ओळीपुढे लिहिलं होतं: अभिधा, त्रेसष्ट टक्के. रंगीत कड्यापुढे: अभिधा, एकाहत्तर. आईच्या ओळीपुढेही अभिधा. खाली ‘का?’ असं छोटं बटण होतं. दाबलं की यंत्र कारण सांगायचं. मी ते बटण कधीच दाबत नसे. यंत्राकडून कारणं ऐकून घेण्याइतका मी खाली उतरलो नव्हतो.

मी हसलो. वर्गही हसला. ‘बघा, बघा हे महाशय!’ मी म्हटलं. ‘यांच्या मते फळ्याच्या कडा खरोखरच कुणीतरी खातंय. शिपाईकाकांना बोलवा, वाळवी लागलीय म्हणावं!’ पोरं बाकं बडवायला लागली. ‘अरे बाबांनो, फळा म्हणजे शिक्षण. गरीब घरातल्या मुलीसाठी ते कडेकडेने आक्रसत चाललंय. मधलं तेवढं उरलंय. रंगीत कडं म्हणजे स्वप्नं. आणि आई शेजारी असूनही बोलेपर्यंत येत नाही. कष्टाने दमलेली, मनाने दूर गेलेली आई! काय लक्षणा आहे, वा! यंत्राला हे जन्मात कळायचं नाही.’

आणि सगळ्यांसमोर मी दुरुस्तीचं बटण दाबलं. एकदा पहिल्या ओळीसाठी, एकदा रंगीत कड्यासाठी, एकदा आईसाठी. आकडे फिरले. लक्षणा, लक्षणा, लक्षणा. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ येऊन गेली: विचारपूस रद्द. टाळ्या झाल्या.

सानिका तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. मला वाटलं, लाजलीय.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, ‘सर, ते रूपक नाही हो. मला खरंच तसं दिसतं.’

हे वाक्य मी आता रोज ऐकतो. तेव्हा काय म्हणालो? मी म्हणालो, ‘अगं वेडे, कवीला खरंच तसं दिसतं! तीच तर कवीची नजर. बाकीच्यांना नुसता फळा दिसतो.’

ती म्हणाली, ‘बाकीच्यांना अख्खा दिसतो?’

मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हटलं, ‘हेच लिही. ही पुढची कविता!’ ती थोडी हसली. सरांना आवडतंय म्हणजे चांगलंच असणार, असं तिला वाटलं असेल. सोळाव्या वर्षी असंच वाटतं.

त्या कवितेला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. समारंभाला शैलाताई कारखान्यातून थेट आल्या होत्या. काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली. ती पदरात लपवून दुसऱ्या रांगेत बसल्या. मला माईक मिळाला आणि मी सुटलो. वीस मिनिटं रसग्रहण केलं. आईच्या ओळीवर तर असा बोललो की समोरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. ‘ही मुलगी सांगते, आई जवळ आहे, पण तिची माया यायला उशीर होतो’, असं माझं वाक्य होतं. वर्तमानपत्रात तेच मथळ्यात आलं. शैलाताईंनी मान खाली घातली होती. मला वाटलं, भारावल्यात.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी पाळी सोडली. घरी थांबायच्या, लेकीशी बोलत बसायच्या, स्वयंपाक करताना तिला हाका मारून काही ना काही सांगत राहायच्या. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘सर, तुम्ही डोळे उघडलासा बघा माझे.’ मीही म्हटलं, ‘कवितेत ताकद असते, ताई.’ असलं बोलायला मला काही लागत नसे.

बारावीत सानिकाने आणखी कविता दिल्या. एकीत जिन्याची शेवटची पायरी ‘रोज नवीन असते’. एकीत मैत्रिणी डावीकडून ‘हवेतून निघतात’. आता रसवेध माझ्याशी भांडत नव्हता. लक्षणा, चौऱ्याण्णव टक्के. लक्षणा, शहाण्णव. मी वर्गाला सांगितलं, ‘बघा, शिकवलं की दगडसुद्धा शिकतो.’ विचारपूस एकदाही निघाली नाही. निघणार कुठून? मीच त्याला शिकवलं होतं की अशा ओळींकडे काळजीने बघायचं नाही, कौतुकाने बघायचं.

मी निवृत्त झालो. सानिका कोल्हापूरला बी. ए. ला गेली. दोन हजार सदतीसच्या डिसेंबरात एके दिवशी शैलाताईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना. सानिका रस्ता ओलांडताना डावीकडून आलेल्या मोटरसायकलला धडकली होती. हाताचं हाड मोडलं, ते जुळलं. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘एवढी मोठी गाडी दिसली नाही?’ आणि डोळे तपासले.

काचबिंदू. म्हाताऱ्यांना होतो असं आपल्याला वाटतं, पण क्वचित कोवळ्या वयातही होतो. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते. नजर कडेकडून जाते आणि मध्यापर्यंत यायला वर्षं लागतात. म्हणून बहुतेकांना पत्ताच लागत नाही. दाब वाढला की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. वेळेत कळलं तर थेंबांनी, छोट्या शस्त्रक्रियेने तो जिथल्या तिथे थांबतो. गेलेलं मात्र परत येत नाही. सानिकाच्या उजव्या डोळ्यात आता नळीतून बघावं तेवढं उरलं होतं. डाव्यात अंधुक उजेड.

फोन खाली ठेवला. मग संगणक उघडला. अधिकारी वाचकाला जुन्या नोंदी बघता येतात. दोन हजार पस्तीस, श्रावण, सानिका घुगरे. पहिली ओळ. अभिधा, त्रेसष्ट. त्यापुढे माझी दुरुस्ती, माझं नाव, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. आणि ते ‘का?’ बटण.

मी दाबलं. उत्तर आलं: ‘कडेची नजर जाणे व दिव्याभोवती रंगीत वलय, असे वर्णन डोळ्यांच्या रुग्णांच्या बोलण्यात एकत्र आढळते. काव्यात एकत्र क्वचित. विद्यार्थिनीची नेत्रतपासणी सुचवावी.’

सव्वादोन वर्षं ते वाक्य तिथे माझी वाट बघत होतं. मला दाबायला लाज वाटली होती.

मी रसवेधच्या कचेरीत फोन केला. मृण्मयी नावाच्या मुलीने घेतला, आवाजावरून तिशीच्या आतली. मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती नोंदी चाळत राहिली. मग म्हणाली, ‘सर, तुमच्या या तीन दुरुस्त्या फार दूरवर गेल्यात. तुमचं वजन मोठं होतं ना. राज्यभरात डोळ्यांच्या, कानांच्या, तोल जाण्याच्या ओळी तेव्हापासून लक्षणेत पडायला लागल्या.’

‘किती?’

‘काढायला लागेल सर. पण आम्ही प्रत्येक मुलाला शोधू.’ पुढे ती म्हणाली, ‘यंत्राला काही कळलं होतं असं नाही हं, सर. त्याने फक्त दोन वाक्यं जुळवून पाहिली होती.’

मला धीर द्यायला बोलली बिचारी. पण मी तेवढंसुद्धा केलं नव्हतं. महिनाभराने तिने कळवलं की एकवीस मुलांच्या घरी फोन गेलेत आणि त्यातल्या तिघांना खरंच उपचारांची गरज निघाली. तिघं वेळेत सापडले. सानिका त्यांत नव्हती.

सांगायला हवं होतं. दोनदा तिच्या घरापर्यंत जाऊन परत आलो. एकदा दारातून शैलाताईंनी हाक मारली तर म्हटलं, ‘घाईत आहे.’ कसली घाई? निवृत्त माणूस. तिसऱ्यांदा, एका गुरुवारी दुपारी, आत गेलो.

सानिका खिडकीपाशी बसली होती. कविता ऐकत होती, कानात लावलेलं काढलं. ‘सर? पावलांवरून ओळखलं,’ म्हणाली. शैलाताई म्हणाल्या, ‘बसा की सर. चा टाकतो.’ आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज यायला लागला तसं मी बोलायला सुरुवात केली. आकडे, बटण, विचारपूस रद्द, टाळ्या. ‘का?’ न दाबल्याचं. ती टेबलापाशी येऊन म्हणाली होती ते. मी मास्तर असून वाक्यं धड जुळत नव्हती.

ती ऐकत राहिली. मी थांबल्यावर तिने विचारलं, ‘तेव्हा तपासलं असतं तर किती राहिलं असतं, सर?’

खोटं बोलता आलं असतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो होतो. ‘बहुतेक सगळं,’ मी म्हटलं.

तिने मान खिडकीकडे वळवली. बाहेर काय दिसत होतं तिला, मला माहीत नाही. मला वाटलं, आता ओरडेल, जा म्हणेल. मी त्यासाठीच आलो होतो, हेही खरं. शिव्या खाल्ल्या की थोडं हलकं वाटेल, असा हिशेब होता माझा.

‘मला वाटायचं, मी नीट सांगितलं नाही तुम्हाला,’ ती म्हणाली. ‘दोन वर्षं वाटत होतं. नीट सांगता आलं असतं तर सरांना कळलं असतं.’

‘तू नीटच सांगितलं होतंस, सानिका. त्याहून नीट कुणी सांगू शकत नाही.’

ती रडली. आवाज न करता, आत ऐकू जाऊ नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडावर धरून. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तिने डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, ‘आईला सांगू नका.’

‘अगं, त्यांनाही सांगायलाच...’

‘नाही. ऐका. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की हे कुणाच्याच लक्षात येत नाही. आईच्या नाही, मास्तरांच्या नाही, कुणाच्याच नाही. त्यावर ती जेवते, सर. त्यावर ती कामाला जाते. कुणाला तरी कळलं होतं असं तिला समजलं, तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल, मला कसं नाही कळलं, मला कसं नाही कळलं... मला नाही बघवायचं ते.’ मग कडवट हसली. ‘म्हणजे, ऐकवायचं नाही.’

‘मग मी काय करू?’ सदुसष्ट वर्षांचा... छे, एकोणसाठ वर्षांचा बाप्या, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला विचारतोय, मी काय करू. वयही आठवेना झालं होतं मला.

‘दर गुरुवारी या. मला वाचून दाखवा. नुसतं वाचा, समजावू नका.’

म्हणून मी जातो. तिचा शब्द राखायचा म्हणून या गोष्टीतली नावं बदलली आहेत, माझंसुद्धा. गाव सांगितलेलं नाही, आणि कविताही तिच्या मूळ कवितेसारखी मी नव्याने लिहिली आहे. मूळची चांगली होती.

त्या दिवशी शैलाताई चहा घेऊन बाहेर आल्या. कपाशेजारी बशीत भाजलेले काजू. कारखान्यातले तुकडे नव्हेत, अख्खे, माझ्यासाठी ठेवलेले. सानिकाचे डोळे लाल होते, पण त्यांना वाटलं, सर आले म्हणून भरून आलं पोरीला. माझ्यासमोर त्या जमिनीवर बसल्या.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘आमच्या नशिबात जे व्हतं ते झालं. कुणाला कळणार? पर तुमच्यावाणी ध्यान दिलं का कुणी माझ्या लेकीवर? तिचं एकेक अक्षर तुम्ही वाचलासा. तुमचं उपकार हाय आमच्यावर.’

सानिकाने माझ्याकडे मान वळवली आणि वाट पाहत राहिली.

मी कप उचलला. म्हणालो, ‘चहा छान झालाय, ताई.’